दिल्लीतील पूर: धोका कोणाला, विम्याचे संरक्षण किती?

यमुनेवरील जुन्या लोखंडी रेल्वे पुलाजवळ १३ जुलै २०२३ रोजी पाण्याची पातळी २०८.६६ मीटर इतकी नोंदली गेली. त्यापूर्वीचा उच्चांक ६ सप्टेंबर १९७८ चा, २०७.४९ मीटरचा होता. पंचेचाळीस वर्षे टिकलेला हा उच्चांक एक मीटरहून अधिक फरकाने मागे पडला. लाल किल्ल्याच्या मागील तटापर्यंत पाणी पोहोचले. सतराव्या शतकात किल्ला बांधला गेला तेव्हा नदी तटाखालूनच वाहत होती, हे त्या निमित्ताने दिल्लीकरांना आठवले. त्यानंतर ४ सप्टेंबर २०२५ रोजी पातळी पुन्हा २०७.४८ मीटरवर गेली, म्हणजे १९७८ च्या आकड्यापेक्षा अवघी एक सेंटीमीटर कमी. दोन-तीन पिढ्यांत एकदा पाहावयास मिळेल असे वाटणारे दृश्य सव्वादोन वर्षांत दोनदा दिसले.

नोकरी, व्यापार आणि स्पर्धा परीक्षांच्या निमित्ताने राजधानी परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आणि विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. त्यातील अनेकांनी कर्ज काढून घरे घेतली आहेत, तर अनेकजण भाड्याने राहतात. पुराचा धोका नेमका कोठे आहे आणि विमा त्यातील किती भार उचलतो, हे दोन्ही प्रश्न त्यांच्याही जिव्हाळ्याचे आहेत.

पाणी कमी, पातळी जास्त

दिल्लीत यमुनेची सूचना पातळी २०४.५० मीटर आणि धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. पाणी २०६ मीटरवर गेले की नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या केल्या जातात. ही सर्व उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. नदीची खोली म्हणून ती वाचू नये.

पावसाळ्यात वृत्तवाहिन्यांवर दुसराही एक आकडा सतत ऐकू येतो, तो हथिनीकुंड बॅरेजमधून सोडलेल्या पाण्याचा. हरियाणातील यमुनानगर जिल्ह्यातील हे बॅरेज दिल्लीच्या वर सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. तेथून सोडलेले पाणी राजधानीत पोहोचण्यास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. हे पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर.

आता तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जून २०१३ मध्ये हथिनीकुंड येथे प्रवाह ८.०६ लाख क्युसेकवर गेला आणि दिल्लीत पातळी २०७.३२ मीटर झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ८.२८ लाख क्युसेक पाणी आले, तेव्हा पातळी २०६.६० मीटरवर थांबली. जुलै २०२३ मध्ये मात्र सर्वोच्च प्रवाह अवघा ३.५९ लाख क्युसेक होता, तरीही पातळी २०८.६६ मीटर झाली. निम्म्याहून कमी पाण्यात नदी दोन मीटरने अधिक चढली.

या विसंगतीचे एक स्पष्टीकरण असे की सर्वोच्च प्रवाहाचा आकडा काही तासांचाच असतो. २०२३ मध्ये पाण्याचा मोठा विसर्ग बराच काळ चालू राहिला, शिवाय दिल्लीतही ९ जुलै रोजी सफदरजंग वेधशाळेत १५३ मिलिमीटर पाऊस झाला होता. परंतु एवढ्याने फरकाचा पूर्ण उलगडा होत नाही. वजीराबाद ते ओखला या सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यात नदीवर एकामागून एक पूल आणि बॅरेज आहेत. पात्रात गाळ साचून बेटे तयार झाली आहेत. आयटीओ बॅरेजच्या ३२ पैकी ५ दरवाजे त्या वेळी गाळामुळे उघडलेच नाहीत. या बॅरेजची देखभाल तेव्हा हरियाणा सरकारकडे होती आणि दोन्ही राज्यांत त्यावरून आरोप-प्रत्यारोप झाले. पाण्याला पसरण्यासाठी असलेले खादर, म्हणजे नदीकाठचे पूरमैदान, भराव आणि बांधकामांनी आकुंचित झाले, हेही तितकेच खरे.

तात्पर्य, वरून किती पाणी सुटले एवढ्यावरून दिल्लीतील धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे ३.२९ लाख क्युसेक पाण्यानेही नदी २०७ मीटरच्या पुढे गेली. ‘२०१९ मध्ये आठ लाख क्युसेक सोडले तेव्हा आमच्याकडे पाणी आले नव्हते’ हा युक्तिवाद म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

नदी, नाला आणि तळघर

राजधानी परिसरातील पूर एकाच प्रकारचा नसतो. पहिला प्रकार नदीच्या पुराचा. यमुना बाजार, मयूर विहारजवळील खादर, कश्मीरी गेट परिसरातील मोनेस्ट्री मार्केट आणि सिव्हिल लाइन्सचा काही भाग यांना त्याचा थेट फटका बसतो. १९७८ मध्ये मॉडेल टाऊन आणि मुखर्जीनगरपर्यंत पाणी आले होते. त्यानंतर नदीच्या दोन्ही बाजूंचे बंधारे, ज्यांना दिल्लीत ‘पुश्ता’ म्हणतात, उंच आणि मजबूत करण्यात आले. मुखर्जीनगर आज स्पर्धा परीक्षांचे केंद्र आहे आणि तेथे राहणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा जन्म १९७८ नंतरचा आहे.

बंधाऱ्याच्या आत सुरक्षित मानलेल्या जमिनीवर पुढे बरेच काही उभे राहिले. अक्षरधाम मंदिर २००५ मध्ये खुले झाले आणि त्याच्या शेजारी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे क्रीडाग्राम आले. क्रीडाग्रामाच्या बांधकामास घेतलेल्या हरकती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केल्या नाहीत. बंधारा धोका कमी करतो, हे निर्विवाद आहे. पण तो फुटला किंवा त्यातील एखादा दरवाजा निकामी झाला तर आतल्या सखल भागात शिरलेले पाणी बाहेर काढणे अधिक कठीण होते. जुलै २०२३ मध्ये इंद्रप्रस्थजवळ नाला क्रमांक १२ च्या दरवाजाचे नुकसान झाले आणि नदीचे पाणी उलट दिशेने शहरात शिरले. आयटीओ चौक, राजघाट आणि सर्वोच्च न्यायालयाचा परिसर जलमय झाला. दुरुस्तीसाठी लष्कराची मदत घ्यावी लागली.

दुसरा प्रकार नाल्यांचा. दिल्लीचे पर्जन्यजल नजफगड, बारापुला आणि यमुनापार अशा तीन खोऱ्यांतून नदीत येते. नदी चढली की नाल्यांच्या मुखावरील दरवाजे बंद ठेवावे लागतात. त्याच वेळी शहरात पाऊस पडला तर त्या पाण्याला वाटच उरत नाही. दिल्लीचा निचरा दीर्घकाळ १९७६ च्या आराखड्यावर चालला, आणि त्या काळची लोकवस्ती व आजची लोकवस्ती यांची तुलनाच होऊ शकत नाही. २८ जून २०२४ रोजी सफदरजंग येथे चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस झाला, जून महिन्यातील १९३६ नंतरचा तो सर्वाधिक होता. त्या दिवशी यमुनेला पूर नव्हता, तरीही शहर तुंबले.

गुरुग्राममध्ये मोठी नदी नाही, पण जुलै २०१६ मध्ये हीरो होंडा चौकात वाहने रात्रभर अडकली होती. अरवलीच्या उतारावरून येणारे पाणी बादशाहपूर नाल्यातून नजफगड नाल्याकडे जाते. हा नाला वाटेत अरुंद झाला आहे. नोएडा आणि गाझियाबादला यमुनेबरोबर हिंडनचाही विचार करावा लागतो. जुलै २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाजवळ हिंडनच्या पूरक्षेत्रात उभ्या असलेल्या शेकडो मोटारगाड्या छतापर्यंत बुडाल्या. आकाशातून घेतलेले ते छायाचित्र देशभर पाहिले गेले.

तिसरा प्रकार सर्वांत लहान जागेचा आणि सर्वांत घातक. २७ जुलै २०२४ रोजी ओल्ड राजेंद्रनगर येथील एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. साठवणुकीसाठी परवानगी असलेल्या त्या तळघरात अभ्यासिका चालविली जात होती. नदीपासून दूर असलेल्या वस्तीत, थोड्या वेळाच्या पावसाने हे घडले. पूरनकाशावर अशी तळघरे दिसत नाहीत. घर किंवा खोली पाहताना रस्त्याच्या मानाने उंबरा किती उंच आहे, तळघराला दुसरा दरवाजा आहे का आणि गेल्या पावसाळ्यात गल्लीत पाणी कोठवर आले होते, एवढी विचारणा तरी प्रत्येकाने करावी. शेजारच्या किराणा दुकानदाराकडून मिळणारे उत्तर दलालाच्या उत्तरापेक्षा बहुधा अधिक विश्वासार्ह असते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे काय?

महाराष्ट्रातील वाचकांना निळी आणि लाल पूररेषा परिचित आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये आणि चिपळूणमध्ये २०२१ मध्ये महापूर आला, तेव्हा या रेषांची चर्चा घराघरांत झाली. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने १३ जानेवारी २०१५ च्या निकालात २५ वर्षांच्या पुराचा आधार घेऊन पूरमैदानातील बांधकामांवर निर्बंध घातले. दिल्लीच्या बृहत् आराखड्यात नदीचा पट्टा ‘झोन ओ’ म्हणून स्वतंत्र दाखविला आहे आणि त्याचे क्षेत्र सुमारे ९,७०० हेक्टर आहे. पूरमैदानात काय बांधावे आणि काय बांधू नये यासाठी केंद्राने १९७५ मध्येच राज्यांना नमुना विधेयक पाठविले होते. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड आणि तत्कालीन जम्मू-काश्मीर वगळता राज्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा गैरसमज होतो. पूर वेळापत्रक पाहून येत नाही. या संज्ञेचा अर्थ इतकाच की, कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता चार टक्के असते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता मोजली तर ती सुमारे ७० टक्के भरते. १०० वर्षांच्या पुरासाठीही ती सुमारे २६ टक्के आहे. म्हणजे लाल रेषेच्या काठावर घर घेणाऱ्या चार कुटुंबांपैकी एकाला, कर्ज फिटण्यापूर्वीच, घरात पाणी पाहावे लागू शकते. हे गणितही जुन्या नोंदींवर आधारलेले आहे. नदीचे पात्र बदलले की रेषाही जुनी होते, आणि यमुनेच्या बाबतीत नेमके तेच झाल्याचे वर दिलेले आकडे सांगतात.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू झाली. तेथे पूरक्षेत्रांचे नकाशे प्रसिद्ध होतात आणि अतिधोक्याच्या क्षेत्रात सरकारी हमीचे गृहकर्ज घेताना पूरविमा अनिवार्य असतो. भारतात असा वेगळा पूरविमा घ्यावा लागत नाही, तो आगीच्या विम्याबरोबरच येतो. ही सोय चांगली आहे, पण तिचा एक तोटाही आहे. स्वतंत्र पूरविमा नसल्याने आपले घर किती धोक्यात आहे हे कागदोपत्री कोणीच घरमालकाला सांगत नाही.

घराचा विमा

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. तीत आग, भूकंप, वादळ, पूर आणि जलमयता, भूस्खलन, दंगल आदी धोक्यांचा समावेश आहे. नदीचे पाणी आणि तुंबलेले पावसाचे पाणी दोन्हीही त्यात येतात. भिंतीत हळूहळू मुरलेली ओल किंवा जुनी गळती मात्र येत नाही.

दिल्लीत सर्वांत मोठी गफलत विमा रकमेबाबत होते. विमा इमारतीच्या पुनर्बांधणीच्या खर्चाचा असतो, जमिनीचा नसतो. समजा, ८०० चौरस फूट चटई क्षेत्राच्या सदनिकेचा बाजारभाव दीड कोटी रुपये आहे आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,५०० रुपये आहे. तर इमारतीची विमा रक्कम २० लाख रुपये होते. दीड कोटीचा हप्ता भरण्याची गरज नाही आणि दीड कोटीची भरपाईही मिळणार नाही. घरातील वस्तूंना या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. वरील उदाहरणात ते ४ लाख रुपये होईल. वस्तू अधिक मोलाच्या असल्यास यादी देऊन रक्कम वाढविता येते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. रोख रक्कम विम्यात येत नाही. विमा रक्कम प्रत्यक्ष मूल्यापेक्षा कमी आहे या कारणाने घराच्या दाव्यात कपात केली जात नाही, ही या पॉलिसीची जमेची बाजू होय.

भाडेकरूला केवळ वस्तूंचा विमा घेता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. घरमालकाचा विमा असला तरी भाडेकरूचे कपाट, शीतकपाट, संगणक आणि पुस्तके यांची भरपाई त्यातून होत नाही. गृहकर्ज घेताना बँकेने ‘विमा केला आहे’ असे सांगितले असल्यास तो कशाचा, हे कागद काढून पाहावे. कित्येकदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो. घराचा असला तरी त्यात वस्तू आहेत का, हे तपासणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात किंवा गणपतीला गावी जाताना घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामे राहणार असेल तर कंपनीला आधी लेखी कळवावे.

दुकानदारांसाठी नियम अधिक कठोर आहेत. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसी आहेत. येथे १५ टक्क्यांपर्यंतची कमी रक्कम माफ होते, त्यापुढे कपात लागते. दुकानात ४० लाखांचा माल आहे, विमा २० लाखांचा आहे आणि पुरात १० लाखांचे नुकसान झाले, तर हाती येणारी रक्कम सुमारे ५ लाख रुपये असेल. हप्ता वाचविण्यासाठी कमी लिहिलेला आकडा असा उलटतो. माल तळघरात ठेवला असल्यास प्रस्तावात तसे स्पष्ट नमूद करावे.

वाहन

वाहनाचा केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर पुरातील नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत ती मिळते, पण इंजिनाच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्यास पाणी इंजिनात ओढले जाते आणि ते मोडते. हे नुकसान पुराचे नसून गाडी चालू केल्यामुळे झाले, अशी भूमिका कंपन्या घेतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे पूरक संरक्षण घ्यावे लागते. बुडालेली गाडी चालू न करता ओढून न्यावी, ही सूचना त्यामुळेच महत्त्वाची. दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर ते पूर्ण नुकसान मानले जाते.

दावा करताना

पाणी ओसरल्यावर स्वच्छतेची घाई स्वाभाविक असते, परंतु भिंतीवरील पाण्याच्या रेषेची आणि भिजलेल्या प्रत्येक वस्तूची छायाचित्रे घेतल्याशिवाय काहीही फेकू नये. कंपनीला त्वरित कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीने २४ तासांत सर्वेक्षक नेमावा आणि त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा, अशी अपेक्षा आहे. केवळ कागदपत्रे नाहीत या कारणाने दावा नाकारता येत नाही. तरीही वस्तूंच्या पावत्यांची छायाचित्रे आधीच मोबाईलबाहेर कोठेतरी जतन केलेली बरी, कारण मोबाईलही त्याच पाण्यात असू शकतो.

कंपनीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास प्रथम तिच्याच तक्रार निवारण कक्षाकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात आणि त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. दिल्ली आणि नोएडा येथे त्यांची कार्यालये आहेत. तक्रार दावा फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत करावी लागते.

विम्याच्या बाहेर राहिलेले

आतापर्यंतची सर्व चर्चा पक्के घर, मालकीचा किंवा भाड्याचा करार आणि हप्ता भरण्याची ऐपत असलेल्यांची झाली. खादरात भाजीपाला पिकविणारे शेतकरी, रोपवाटिकांतील मजूर आणि झोपड्यांत राहणारी कुटुंबे या चौकटीत बसत नाहीत. ज्या जमिनीवर राहण्याचा हक्कच मान्य नाही, तेथील घराचा विमा उतरविणे व्यवहारात दुरापास्त आहे. त्यांच्या वाट्याला सरकारी मदत येते. २०२३ च्या पुरानंतर दिल्ली सरकारने प्रत्येक बाधित कुटुंबाला १०,००० रुपये जाहीर केले. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत मैदानी भागातील पूर्णतः पडलेल्या घरासाठी १.२० लाख रुपयांची तरतूद होती. ही मदत आहे, भरपाई नव्हे, आणि तिच्यासाठीही वास्तव्याचा पुरावा लागतो.

वैयक्तिक विम्याऐवजी राज्यानेच एकत्रित विमा घ्यावा, पाऊस ठरावीक मर्यादेपुढे गेला की सर्वेक्षणाची वाट न पाहता रक्कम मिळावी, असा एक पर्याय आहे. नागालँडने २०२४ मध्ये त्या दिशेने पाऊल टाकले. दिल्लीत नदीच्या पातळीचा आकडा तासातासाला सार्वजनिक होत असल्याने अशा योजनेसाठी निकष शोधण्याची फारशी अडचण पडू नये, असे वाटते. अडचण आहे ती लाभार्थ्यांच्या यादीची. खादरातील वस्त्या एकीकडे हटविल्या जात असताना त्याच वस्त्यांतील लोकांचा हप्ता सरकार कोणत्या नोंदीवर भरणार, हा प्रश्न उरतो. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मयूर विहारजवळ रस्त्याच्या कडेला मदतीचे तंबू उभे राहिले. त्यांत आसरा घेतलेली कुटुंबे मुख्यतः याच खादरातून आलेली होती.